मुलाचें वकीलपत्र

कोणत्याहि न्यायालयांत दोन पक्ष असतात आणि दोघांनाहि आपलें म्हणणें मांडण्याची सोय असते. ज्याला स्वतः बोलतां येत नाहीं तो वकील देतो. ज्याला वकिलाचे पैसे देणें शक्य नाहीं, त्याच्यासाठीं पुष्कळ देशांत सरकार वकील देतें. परंतु एक प्रकारचा दावा असा आहे कीं, त्यांत ज्याच्या आयुष्याचा निकाल लागावयाचा तोच बहुधा न्यायालयाच्या दालनाबाहेर बांकावर बसलेला असतो. आईबापांनीं मारहाण केली किंवा उपाशी ठेविलें, म्हणून सरकारनें घरांतून काढून नेलेल्या मुलाचा हा दावा. एका बाजूला आईबाप, दुसऱ्या बाजूला सरकारी खातें. आणि मूल कोणाकडे राहील, किती दिवस राहील, आईची भेट त्याला होईल कीं नाहीं, हें न्यायाधीश ठरविणार. या मुलाची बाजू कोणीं मांडावयाची, हा प्रश्न अमेरिकेनें शंभर वर्षांहून अधिक काळ निरनिराळ्या रीतींनीं सोडविण्याचा प्रयत्न केला. त्यांतील एका उत्तराचा हा इतिहास आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर न्यूयॉर्क शहरांत युरोपांतून आलेल्या गरीब कुटुंबांची दाटी झाली होती. रस्त्यावर झोपणारीं, वर्तमानपत्रें व आगकाड्या विकून पोट भरणारीं मुलें हजारोंनीं होतीं. चार्ल्स लोरिंग ब्रेस या तरुण धर्मोपदेशकानें १८५३ सालीं त्यांच्यासाठीं 'चिल्ड्रन्स एड सोसायटी' स्थापन केली. शहरांतील गल्लीपेक्षां शेतकऱ्याचें घर मुलाला हितकर, असा त्याचा दृढ विश्वास होता. १८५४ सालीं मुलांची पहिली तुकडी मिशिगन राज्यांतील डोवाजॅक या गांवीं पोंचली, आणि पुढें १९२९ पर्यंत सुमारें दोन लाख मुलें अशीं आगगाडीनें पश्चिमेकडे गेलीं. गाडी थांबे, मुलांना चर्चमध्यें किंवा नाटकगृहांत उभें करीत, आणि जमलेलीं कुटुंबें त्यांतून मुलें निवडीत. कित्येकांना प्रेमळ घरें मिळालीं. कित्येक शेतावरचे बिनपगारी गडी झाले. भावंडांची ताटातूट झाली. यांतील पुष्कळ मुलांचे आईबाप, निदान दोहोंपैकीं एक, हयात होते. ब्रेसचा हेतु चांगला होता यांत संशय नाहीं. पण त्याच्या दयेवर न्यायालयाची देखरेख नव्हती, आणि जावयाचें कीं नाहीं हें मुलाला विचारण्याची कोणावर सक्ति नव्हती. मुलाचें हित कोणीं ओळखावयाचें आणि त्याची शहानिशा कोणीं करावयाची, हा पुढचा सारा वाद येथूनच सुरू होतो.

१८७३ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या चाळवजा वस्तींत आजाऱ्यांची विचारपूस करीत हिंडणाऱ्या एटा व्हीलर या मिशनच्या कार्यकर्तीला एका आजारी बाईनें सांगितलें कीं, शेजारच्या बिऱ्हाडांत एका लहान मुलीला रोज मार बसतो. मुलीचें नांव मेरी एलन. शहराच्या धर्मादाय खात्यानें १८६६ सालीं तिला करारानें एका जोडप्याच्या हवालीं केलें होतें. दरवर्षीं तिची खबर खात्याला द्यावी अशी करारांत अट होती, पण ती पाळली जाते कीं नाहीं हें कोणीं कसोशीनें पाहिलें नव्हतें. एटा व्हीलर पोलिसांकडे गेली, धर्मादाय संस्थांकडे गेली. पुरावा आणा, असें उत्तर मिळालें. शेवटीं ती प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणाऱ्या संस्थेचे संस्थापक हेन्री बर्ग यांच्याकडे गेली. बर्ग व त्यांचे वकील एल्ब्रिज गेरी यांनीं एप्रिल १८७४ मध्यें मुलीला न्यायमूर्ति लॉरेन्स यांच्यापुढें आणविलें. मूल हाहि एक प्राणीच आहे, असें सांगून बर्ग यांनीं खटला जिंकला, अशी कथा पुढें रूढ झाली. ती खरी नाहीं. गेरी यांनीं आधार घेतला तो हेबियस कॉर्पसच्या, म्हणजे बेकायदा अडकवून ठेवलेल्या माणसाला न्यायाधीशापुढें हजर करण्याच्या कायद्याचा. अंगावर व्रण असलेली ती दहा वर्षांची मुलगी न्यायालयांत स्वतः बोलली. तिला सांभाळणाऱ्या बाईला एक वर्षाची शिक्षा झाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बालकांवरील क्रूरतेविरुद्ध झटणारी संस्था न्यूयॉर्कमध्यें निघाली. मेरी एलन पुढें व्हीलर यांच्या माहेरच्या मंडळींत वाढली, तिनें संसार केला, आणि १९५६ सालीं, ब्याण्णव वर्षांची होऊन, ती वारली.

या खटल्यांत कायद्याचें ज्ञान गेरी यांचें आणि समाजांतील वजन बर्ग यांचें. पण दार ठोठावणें, शेजाऱ्यांच्या जबान्या मिळविणें आणि नकार ऐकूनहि पुन्हां जाणें, हें काम एटा व्हीलरचें होतें. तिला कसलाहि अधिकार नव्हता. शंभर वर्षांनंतर अमेरिकेंत जी चळवळ निघाली तिनें हेंच काम अधिकारानें करण्याची वाट मोकळी केली.

मधल्या काळांत मुलांसाठीं निराळें न्यायालय आलें. शिकागो येथें १८९९ च्या जुलैंत जगांतील पहिलें बालन्यायालय सुरू झालें. त्यामागें ल्यूसी फ्लॉवर, जूलिया लॅथ्रॉप यांसारख्या स्त्रियांचे वर्षानुवर्षांचे प्रयत्न होते. मुलावर देखरेख ठेवणारे प्रोबेशन अधिकारी नेमावे असें नव्या कायद्यांत होतें, पण त्यांच्या पगाराची सरकारी तरतूद नव्हती. तो खर्च प्रथम शहरांतील स्त्रियांच्या मंडळांनीं वर्गणी जमवून भागविला. या न्यायालयांत न्यायाधीशानें वडिलांच्या मायेनें वागावें आणि वकिली वादविवादाला फांटा द्यावा, अशी कल्पना होती. कल्पना सुंदर, पण वडिलांची चूक झाली तर ती दाखविणार कोण, याचें उत्तर तींत नव्हतें.

तें उत्तर देण्याची वेळ १९६७ सालीं आली. तीन वर्षांपूर्वीं ॲरिझोना राज्यांत एका पंधरा वर्षांच्या मुलावर, शेजारणीशीं टेलिफोनवरून अचकट-विचकट बोलल्याचा आरोप आला होता. प्रौढ माणसाला याबद्दल फार तर पन्नास डॉलर दंड किंवा दोन महिन्यांची कैद झाली असती. मुलाला एकवीस वर्षांचा होईपर्यंत, म्हणजे जवळ जवळ सहा वर्षें, सुधारशाळेंत ठेवण्याचा हुकूम झाला. त्याच्या बाजूनें वकील नव्हता, आणि तक्रार करणारी बाई न्यायालयांत आलीहि नव्हती. गॉल्ट खटला म्हणून प्रसिद्ध असलेल्या या प्रकरणांत सुप्रीम कोर्टानें मे १९६७ मध्यें हुकूम रद्द केला आणि आरोपी मुलालाहि वकिलाचा हक्क आहे असें ठरविलें. पण हा हक्क गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलाचा. ज्यानें कांहीं केलेलें नाहीं, उलट ज्याच्यावरच अत्याचार झाला आहे, त्या मुलाला या निकालानें कांहीं मिळालें नाहीं.

आणि अशीं मुलें आतां मोठ्या संख्येनें न्यायालयापुढें येऊं लागलीं होतीं. कोलोराडोंतील बालरोगतज्ज्ञ सी. हेन्री केंप व त्यांचे सहकारी यांनीं १९६२ सालीं अमेरिकन वैद्यक संघाच्या पत्रिकेंत एक निबंध प्रसिद्ध केला. पडल्यामुळें झाली असें आईबाप सांगतात ती दुखापत कित्येकदां मारहाणीची असते, आणि निरनिराळ्या वेळीं मोडून सांधलेलीं हाडें क्ष-किरणांच्या छायाचित्रांत तें उघड करतात, असें त्यांनीं दाखविलें. पुढच्या थोड्याच वर्षांत, असा संशय आल्यास डॉक्टरांनीं कळविलेंच पाहिजे, असे कायदे सर्व राज्यांनीं केले. तक्रारी वाढल्या, आणि घरांतून काढून अनोळखी कुटुंबांत ठेवलेल्या मुलांची संख्याहि वाढली. या व्यवस्थेला तिकडे 'फॉस्टर केअर' म्हणतात. ती दत्तकाहून निराळी. येथें मूल सरकारच्या ताब्यांत असतें. सांभाळणाऱ्या कुटुंबाला त्याच्या खर्चासाठीं रक्कम मिळते, आणि आईबापांची स्थिति सुधारली तर मूल परत जावें अशी अपेक्षा असते. व्यवस्था तात्पुरती, पण पुष्कळ मुलांची वर्षें एका घरांतून दुसऱ्या घरांत जाण्यांतच सरत.

जानेवारी १९७४ मध्यें मध्यवर्ती सरकारचा कायदा झाला. बालरक्षणासाठीं मिळणारें अनुदान ज्या राज्याला हवें असेल, त्यानें न्यायालयांत येणाऱ्या अशा प्रत्येक मुलासाठीं दाव्यापुरता पालक नेमावा, ही त्यांतील एक अट. अट कागदावर सोपी होती. असे पालक आणावयाचे कोठून, हें कायद्यानें सांगितलें नाहीं. वकील नेमावा तर त्याची फी कोणीं द्यावी? आणि फी दिली तरी मुलाच्या घरीं, शाळेंत, दवाखान्यांत जाऊन चौकशी करावयाला त्याला सवड कोठून असणार?

या अडचणींतून वाट काढली ती वॉशिंग्टन राज्यांतील सिॲटल शहरांत. डेव्हिड सूकप हे तेथील किंग काउंटीच्या न्यायालयांत मुलांचीं प्रकरणें चालवीत. मुलाला आईकडे परत पाठवावें कीं पाठवूं नये, याचा निर्णय त्यांना मुख्यतः सरकारी खात्याच्या माहितीवर द्यावा लागे, आणि ती अपुरी आहे ही टोंचणी त्यांना सतावीत असे. १९७६ सालीं त्यांनीं एक साधा उपाय योजिला. अशा मुलांसाठीं वेळ देऊं शकतील अशा गांवांतल्या चार-पांच माणसांना दुपारच्या वेळीं, आपापला डबा घेऊन, गप्पांना बोलवा, असें त्यांनीं न्यायालयांतील आपल्या साहाय्यकांना सांगितलें. त्या दुपारीं पन्नास माणसें जमलीं. जानेवारी १९७७ पासून काम रीतसर सुरू झालें, आणि पहिल्या वर्षांत ११० स्वयंसेवकांनीं ४९८ मुलांचें काम पाहिलें. या स्वयंसेवकाला 'कोर्ट अपॉइंटेड स्पेशल ॲडव्होकेट' असें नांव मिळालें. त्याच्या आद्याक्षरांवरून 'कासा' हा शब्द बनला. नांवांत ॲडव्होकेट असला तरी तो वकील नव्हे; ज्याला मराठींत दुसऱ्याचें वकीलपत्र घेणें म्हणतात, त्या अर्थानेंच तो मुलाचा वकील.

त्याचें काम कसें चालतें, हें समजून घेण्यासारखें आहे. इच्छुकाची प्रथम चौकशी होते, त्याच्यावर पूर्वीं कांहीं गुन्हा शाबीत झालेला नाहीं याची खात्री करतात, आणि सुमारें तीस तासांचें शिक्षण देतात. मग न्यायाधीशापुढें तो शपथ घेतो. त्याच्याकडे एका वेळीं बहुधा एकच मूल किंवा एकाच कुटुंबांतील भावंडें सोपवितात. सरकारी खात्यांतील कार्यकर्तीकडे मात्र एकाच वेळीं अनेक कुटुंबें असतात. सारा फरक या एका गोष्टीवर अवलंबून आहे. स्वयंसेवक मुलाला नियमानें भेटतो, शाळामास्तरांशीं बोलतो, डॉक्टरांचीं टिपणें वाचतो, सांभाळणाऱ्या कुटुंबाला भेटतो, आणि मुख्य म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्या आईबापांचेंहि ऐकून घेतो. मूल शाळेंत वारंवार गैरहजर, एवढीच कागदावर नोंद असते. नवें घर शाळेपासून इतकें लांब आहे कीं सकाळची बस त्याला मिळूंच शकत नाहीं, हें तेथें जाऊन पाहणाऱ्यालाच कळतें. आईनें भेट चुकविली, अशी नोंद असते. भेटीची वेळ तिच्या कामाच्या पाळींतच ठेवली होती, हें तिला विचारल्यावांचून कोणाला समजत नाहीं. असा सर्व तपशील तो लेखी अहवालांत मांडतो, शेवटीं आपली शिफारस लिहितो, आणि न्यायालयांत विचारलेल्या प्रश्नांना उत्तरें देतो. मुलाला पैसे देणें, स्वतःच्या घरीं नेऊन ठेवणें, आईबापांना कायद्याचा सल्ला देणें, हें त्याला करतां येत नाहीं. त्याची दया न्यायालयाच्या नियमांनीं बांधलेली आहे, आणि तो जें सांगतो तें खोडून काढण्याची दुसऱ्या पक्षांना संधि असते. ब्रेसच्या आगगाडीपेक्षां ही गोष्ट येथें निराळी.

सिॲटलचा प्रयोग पाहून इतर शहरांनीं तो उचलला. १९७८ सालीं राष्ट्रीय पातळीवर त्याचा गौरव झाला, आणि १९८२ सालीं या कामाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. १९९० च्या कायद्यानें काँग्रेसनें असा उद्देश जाहीर केला कीं, १ जानेवारी १९९५ पर्यंत, ज्याला गरज आहे अशा प्रत्येक पीडित मुलाला असा स्वयंसेवक मिळावा. ती तारीख उलटली. कायद्यांतील मुदत पुढें २०१० वर आणि नंतर २०१५ वर नेण्यांत आली, त्याहि उलटल्या. फॉस्टर केअरमधील मुलांची संख्या १९९९ च्या सुमारास साडेपांच लाखांवर गेली होती; अलीकडे ती चार लाखांच्या खालीं आली आहे. तरीहि ज्याच्यासाठीं असा कोणी नेमला गेलेला नाहीं, अशीं मुलें पुष्कळ आहेत. चांगल्या कामाला कायद्याचा आशीर्वाद मिळाला म्हणजे तें आपोआप पुरेसें होतें, असें नाहीं.

तें वकिलांच्या बाबतींतहि खरें ठरलें. जॉर्जिया राज्यांतील फॉस्टर केअरमधील मुलांच्या वतीनें केलेल्या खटल्यांत, या मुलांना कायद्यानें वकील मिळालाच पाहिजे, असा निर्णय तेथील मध्यवर्ती न्यायालयानें २००५ सालीं दिला. त्या खटल्यांत पुढें आलें कीं, अटलांटा ज्या फुल्टन काउंटींत आहे तेथें मुलांसाठीं नेमलेल्या प्रत्येक वकिलाकडे चारशेंहून अधिक मुलें होतीं. इतक्या मुलांचे चेहरेहि एका माणसाच्या लक्षांत राहणें कठीण. मग त्यांचें म्हणणें त्यानें कसें मांडावें? वकील विरुद्ध स्वयंसेवक असा वाद पुष्कळदां घातला जातो, पण मुलाच्या दृष्टीनें प्रश्न आधीं सवडीचा आहे. १९९६ सालीं १९७४ च्या कायद्यांत दुरुस्ती झाली, आणि दाव्यापुरता पालक वकील असावा किंवा असा प्रशिक्षित स्वयंसेवक असावा, असें स्पष्ट करण्यांत आलें.

या कामावर गंभीर आक्षेपहि आहेत आणि ते टाळून चालणार नाहीं. पहिला आक्षेप असा कीं, स्वयंसेवक मुलाची इच्छा मांडीत नाहीं, तर मुलाचें हित कशांत आहे असें त्याला वाटतें तें मांडतो. बारा वर्षांची मुलगी म्हणते, मला आईकडे जावयाचें आहे. स्वयंसेवक म्हणतो, तें हिताचें नाहीं. अशा वेळीं मुलीच्या बाजूनें कोण बोललें? तिची इच्छा न्यायाधीशाला कळविणें हें स्वयंसेवकाचें कर्तव्यच मानलें जातें, पण शिफारस मात्र त्याची स्वतःची. म्हणून कित्येक कायदेपंडितांचें म्हणणें असें कीं, मुलाला दोघेहि हवेत: हित पाहणारा, आणि त्याच्या सांगण्याप्रमाणें भांडणारा वकील.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. स्वयंसेवक बहुतांशीं गोऱ्या, सुखवस्तु कुटुंबांतील स्त्रिया असतात. ज्यांचीं मुलें नेलीं जातात तीं कुटुंबें बहुतांशीं गरीब असतात, आणि त्यांत काळ्या व मूळच्या अमेरिकन लोकांचें प्रमाण लोकसंख्येच्या मानानें फार मोठें. गरिबीची अडचण आणि मुलाची हेळसांड यांतील फरक सुखवस्तु डोळ्यांना दिसेलच असें नाहीं. एका खोलींत सहा माणसें झोपतात, किंवा मूल आजीकडे वाढतें, हा कुणाला दोष वाटतो आणि कुणाला संसार. २०१६ सालीं न्यूयॉर्कमधील एका कायदेविषयक नियतकालिकांत हा आक्षेप सविस्तर मांडला गेला. त्याला इतिहासाचा पुरावा आहे. मूळच्या अमेरिकन लोकांचीं शेंकडा पंचवीस ते पस्तीस मुलें कुटुंबांपासून दूर करण्यांत आलीं होतीं, असें सत्तरीच्या दशकांत उघडकीस आलें आणि १९७८ सालीं त्यांच्यासाठीं काँग्रेसला निराळा कायदा करावा लागला. तीं मुलें नेणाऱ्यांतहि पुष्कळांची खात्री होती कीं, आपण मुलांचें भलेंच करीत आहों. या आक्षेपाला स्वयंसेवकाजवळ एकच उत्तर असूं शकतें: आपला निर्णय बनविण्यापूर्वीं त्या घरीं जाणें, एकदां नव्हे तर पुनःपुन्हां, आणि घर आपल्यासारखें नाहीं एवढ्यावरून तें वाईट न समजणें.

या कामाचा परिणाम मोजण्याचे प्रयत्न झाले आहेत. न्यायाधीश स्वयंसेवकाची शिफारस पुष्कळदां मान्य करतात असें आढळतें. परंतु ज्यांना स्वयंसेवक मिळाला व ज्यांना मिळाला नाहीं, अशा मुलांची तुलना करणें अवघड जातें; कारण स्वयंसेवक बहुधा सर्वांत बिकट प्रकरणांतच नेमले जातात. कठीण रोग्यांनाच औषध दिलें तर औषधाची परीक्षा कशी व्हावी, तशांतला हा प्रकार आहे.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाहीं. मुंबई इलाख्याचा मुलांविषयींचा कायदा १९२४ सालीं झाला, आणि १९२७ सालीं मुंबईंत 'चिल्ड्रन्स एड सोसायटी' स्थापन झाली. तिचें उमरखाडीचें बालगृह ज्या जागीं आहे तो पूर्वींचा डोंगरीचा तुरुंग. टिळक व आगरकर यांनीं १८८२ सालीं आपले एकशें एक दिवस तेथेंच काढले. २०१५ च्या कायद्यानुसार निराधार व पीडित मुलांचे निर्णय बालकल्याण समिति घेते. तींत एक अध्यक्ष व चार सभासद असतात. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुलाबरोबर चौकशीपासून खटला संपेपर्यंत राहणारा साहाय्यक माणूस नेमण्याची तरतूद २०१२ च्या कायद्याखालीं आहे. सिॲटलच्या स्वयंसेवकाला जवळचें असें हें एक पद.

याच संदर्भांत मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांचा खटला आठवतो. सोळा वर्षांखालील मुलें तुरुंगांत ठेवलीं जातात, ही गोष्ट त्यांनीं सुप्रीम कोर्टापुढें नेली, आणि १९८६ सालीं कोर्टानें त्यासंबंधीं हुकूम दिले. त्या वकील नव्हत्या. स्वतःच बाजू मांडीत होत्या. पुढें काम लांबत चालल्यामुळें त्यांनीं अर्ज मागें घेण्याची परवानगी मागितली, तेव्हां १९८८ सालीं कोर्टानें ती नाकारली. त्यांना स्वतःला दूर होतां येईल, पण प्रकरण मागें घेतां येणार नाहीं, कारण तें मांडणाऱ्या व्यक्तीच्या मालकीचें नाहीं, असें कोर्टाचें म्हणणें होतें. शीला बारसे यांना तो निर्णय कटु वाटला असेल. परंतु दुसऱ्याचें वकीलपत्र स्वखुषीनें घेणाऱ्या प्रत्येकाच्या बाबतींत तें तत्त्व खरें आहे. बोलणारा बदलतो, थकतो, कधीं चुकतो. हक्क मुलाचा असतो आणि तो त्याच्यापाशींच राहतो.

ज्या दिवशीं न्यायाधीश प्रकरण मिटवितो, मूल आईकडे परत जातें किंवा नव्या घरीं कायमचें राहूं लागतें, त्या दिवशीं स्वयंसेवकाची नेमणूकहि संपते. त्याचे अहवाल न्यायालयाच्या दप्तरांत जातात. वर्ष-दोन वर्षें ज्याच्याविषयीं त्यानें सर्वांत अधिक माहिती मिळविली होती, त्या मुलाला पुढें त्याचें नांव आठवेल किंवा नाहींहि. मूल ज्या घरीं राहिलें तेथें त्याची झोप शांत झाली असेल, तर त्यानें घेतलेलें वकीलपत्र नीट पार पडलें.